सेनेका तळ्याकाठचं रिझलिंग: चव नक्की कोणाची? मातीची, पाण्याची की थंडीची?

ओलांडा
४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, सहा वर्षांपासून मी न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात, जिनिव्हा गावी राहतो. मूळ गाव दिंडोरी तालुक्यात, घरची द्राक्षबाग. त्यामुळे वेल दिसला की पाय थांबतोच.

आमच्या गावापासून सेनेका तळं सुरू होतं ते दक्षिणेला ६१ किलोमीटरवर वॉटकिन्स ग्लेनला संपतं. रुंदी कुठेही पाच किलोमीटरच्या वर नाही, पण खोली १८८ मीटर. अशी अकरा तळी शेजारी शेजारी आहेत, पसरलेल्या बोटांसारखी. म्हणून या भागाला फिंगर लेक्स म्हणतात. हिमयुगात बर्फाच्या लादीने जुन्या नद्यांच्या दऱ्या खरवडून काढल्या आणि बर्फ हटल्यावर त्यांत पाणी साठलं.

आता मुद्दा. गेल्या शनिवारी एका वायनरीत रिझलिंगचे (पांढरी वाईन, त्याच नावाच्या द्राक्षाची) दोन ग्लास समोर ठेवले. साल एक, कारागीर एक, टाकी तशीच, दोन्ही गोड नाहीत. फरक फक्त बागेचा. एक बाग चढावर, पातळ चपट्या दगडांच्या जमिनीत. दुसरी खाली, तळ्याजवळ, जाड मातीत. पहिल्या ग्लासात कच्चं हिरवं सफरचंद आणि लिंबाची साल. जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं. दुसऱ्यात पिकलेलं पीच, थोडा जर्दाळू, आणि घोट गिळल्यावरही तोंडात भरलेपणा.

वाढणारी मुलगी म्हणाली, माती. माझा मित्र म्हणाला, तळं. गावी फोन केला तर दादा (माझे वडील) म्हणाले, "आधी सांग, पाणी किती देतात?" पाणी देतच नाहीत म्हटल्यावर ते गप्पच झाले. इथे वर्षाला साधारण ८५० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बाराही महिने विभागून.

तुमच्यापैकी कोणी या भागात राहतं का? द्राक्षातलं, दगडातलं, हवामानातलं कळणाऱ्यांनी जरूर लिहा.

घोटभर
४ ऑक्टोबर, रात्री ९:५५

पहिला नंबर! वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

कात्री
४ ऑक्टोबर, रात्री ११:२०

ओलांडा, मी तुमच्या गावातच आहे! कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनिव्हातल्या संशोधन केंद्रात शिकते. चवीवर येण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण ती कळल्याशिवाय बाकीचं अर्धवट राहील.

इथे पहिला प्रश्न वेल जगेल का, हा असतो. चव नंतर. भर हिवाळ्यात रिझलिंगचे डोळे (काडीवर जिथून नवी फूट येते ते) साधारण उणे २२-२३ अंशांपर्यंत तग धरतात. त्याखाली पारा गेला की मरायला लागतात, आणि आणखी खाली गेला तर खोडच फुटतं. १९८० च्या नाताळात अशीच लाट आली. जुने बागायतदार अजून त्याला नाताळचं हत्याकांड म्हणतात. २०१४ च्या जानेवारीतही बऱ्याच बागा भाजून निघाल्या.

जानेवारी-फेब्रुवारीत आमचं काम म्हणजे बागेतून काड्या आणायच्या, एक-दोन दिवस उबेला ठेवायच्या आणि दाढीच्या पात्याने एकेक डोळा आडवा कापायचा. एका डोळ्यात तीन कोंब असतात: मधला मुख्य, बाजूला दोन राखीव. काप हिरवा दिसला तर जिवंत, तपकिरी दिसला तर मेला. शंभर डोळे कापायचे, मेलेले मोजायचे आणि तेवढ्या हिशेबाने छाटणीला जास्त डोळे ठेवायचे. बोटांना सर्दीने भेगा पडलेल्या असतात, तरी हिरवा ठिपका दिसला की बरं वाटतं.

आणि एकाच वायनरीच्या तळ्याजवळच्या आणि लांबच्या बागेतला हा आकडा पुष्कळदा अगदी वेगळा येतो.

गोदाकाठ
५ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

कात्रीताई, मी निफाडचा. आम्हीपण ऑक्टोबर छाटणीच्या आधी काड्या लॅबला पाठवतो, डोळे कापून सूक्ष्मघड बघतात. कितव्या डोळ्यात घड आहे ते कळलं की तिथे छाटणी. म्हणजे काम तेच. आम्ही डोळ्यात घड बघतो, तुम्ही जीव बघता.

आमच्याकडे पारा चार-पाचवर आला तरी धांदल उडते. मण्यांत पाणी उतरलेलं असतं आणि थंडीने मणी तडकतात. पहाटे चारला उठून बांधाबांधाने शेकोट्या पेटवतो, धूर करतो, ड्रिप चालू ठेवतो. उणे बावीस वाचून बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तिथे माणसं राहतात का?

ओलांडा
५ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

गोदाकाठ दादा, राहतात आणि बर्फ उपसतात. शेकोट्यांच्या रात्री मलाही आठवतात. दादा आणि मी जुने टायर ओढत नेत होतो.

तर्ककर्कश
५ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

तळ्यामुळे ऊब मिळते हे सगळे म्हणतात, पण कसं ते कोणी नीट सांगत नाही. उणे वीसच्या हवेत तळं गोठून दगड व्हायला हवं. गोठत नाही म्हणजे खारं आहे का? आणि समजा पाणी उबदार असलं तरी ती ऊब चढावरच्या बागेपर्यंत पोचते कशी?

भौतिकमास्तर
५ ऑक्टोबर, दुपारी १:४०

प्रश्न चांगला आहे. निवृत्त शिक्षक असल्याने उत्तर थोडं लांबेल.

पाणी गोडंच आहे. तळ्याच्या खाली खोल मिठाचे थर आहेत आणि वॉटकिन्स ग्लेनला मिठाचे कारखानेही आहेत, पण न गोठण्याचं कारण ते नाही. कारण आहे चार अंश.

पाणी सर्वांत जड असतं ४ अंश सेल्सिअसला. हिवाळ्यात वरचं पाणी थंड होतं, जड होतं आणि तळाला जातं. खालचं त्यापेक्षा उबदार पाणी वर येतं. तेही थंड होऊन खाली जातं. हा फेरा वरपासून तळापर्यंतचं सगळं पाणी चार अंशांवर येईपर्यंत चालतो. त्यानंतरच वरचा थर चारच्या खाली जाऊन हलका होतो, वर तरंगत राहतो आणि गोठू शकतो. गावचं तळं दोन-चार मीटर खोल असतं, त्याचा फेरा चार दिवसांत आटोपतो. इथे १८८ मीटर खोल रांजण निववायचा आहे. तो पूर्ण निवेपर्यंत हिवाळाच सरत येतो. म्हणून सेनेका सहसा पूर्ण गोठत नाही. जवळचं क्यूका तळं सर्वांत खोल जागी साधारण ५७ मीटर, ते त्यामानाने लवकर गोठतं.

दुसरा प्रश्न: ऊब वर कशी जाते? हवेकडे पाण्यासारखं पाहा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते. सपाट जागी किंवा खळग्यात ती साचते आणि तिथलं पीक जाळते. इथे ती ओघळून तळ्यावर जाते, पाण्याने उबते, हलकी होते, वर उठते. म्हणजे उतार थंडी काढून टाकतो आणि तळं तिची धार बोथट करतं. दोन्ही लागतात. उताराशिवाय तळं किंवा तळ्याशिवाय उतार, काम अर्धंच.

तर्ककर्कश
५ ऑक्टोबर, दुपारी २:०२

पटलं. चार अंशांचं शाळेत पाठ केलं होतं, आज कळलं. धन्यवाद सर.

कात्री
५ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

मास्तरांना पुरवणी. तळ्याचा उपयोग वर्षातून तीनदा होतो. हिवाळ्यातला वर आलाच. वसंतात पाणी अजून गार असतं, काठची हवाही गार राहते, त्यामुळे डोळे उशिरा फुटतात आणि उशिराच्या हिमकडाक्यातून वाचतात. शरदात उलटं. उन्हाळाभर साठवलेली ऊब तळं सोडत राहतं, म्हणून काठावर पहिला हिमकडाका उशिरा येतो. रिझलिंगला हाच वाढीव वेळ हवा असतो. तळ्यापासून दूर पठारावर गेलात तर हंगामच कित्येक दिवसांनी आखूड होतो.

म्हणूनच बहुतेक बागा काठच्या एक-दोन किलोमीटरच्या पट्ट्यात दिसतात. पलीकडे मका, सोयाबीन आणि गाई.

खडकवाचक
५ ऑक्टोबर, रात्री ८:१०

पाण्याचं झालं, आता मातीच्या बाजूने बोलतो. आयुष्य दगडांत गेलं, त्यामुळे थोडं तिखट वाटलं तर सांभाळून घ्या.

तुमचे चपटे दगड म्हणजे शेल. साधारण ३८ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाचा चिखल दाबला जाऊन झालेला पापुद्र्यांचा खडक. नखाने सुटतो, पावसात भिजला की करडा-काळा दिसतो. उत्तरेकडे, तळ्यांच्या वरच्या टोकाला चुनखडी आहे. बर्फाच्या लादीने हे सगळं भरडून, कालवून दक्षिणेकडे ओढत नेलं. त्यामुळे उत्तरेकडची माती चुनायुक्त आणि खोल (हनीऑय नावाची माती तर न्यूयॉर्कची राज्य-माती मानली जाते), तर दक्षिणेकडे आणि क्यूकाच्या चढांवर पातळ, आम्लधर्मी, शेलच्या चिपांनी भरलेली. एकाच तळ्याच्या काठाने पंधरा-वीस किलोमीटर गेलात तरी जमीन बदललेली दिसेल. आपल्या नाशिकला असं नाही. तिथे खाली सगळा काळा पाषाण, डेक्कन ट्रॅप, साडेसहा कोटी वर्षांचा. फरक पडतो तो मुरमाच्या आणि काळ्या मातीच्या खोलीचा.

आता तिखट. वाईनमध्ये दगडाची चव उतरते हे मला मान्य नाही. मुळं क्षार घेतात ते विरघळलेले, अगदी किंचित, आणि शेलला स्वतःला चव नसतेच. चाटून पाहा, मी चाटला आहे. मातीचं खरं काम पाणी धरणं आणि सोडणं. पातळ शेलमध्ये पाणी झरझर निघून जातं, वेल आवरता राहतो, पान कमी, मणी लहान. खोल चिकणमातीत वेल माजतो, पानांची सावली घडावर पडते, घड उशिरा पिकतो.

लेमानकाठी
६ ऑक्टोबर, दुपारी १२:२५

खडकवाचक काका, आदर ठेवून असहमत.

मी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला राहते, जिनिव्हा तळ्याच्या काठी (ओलांडांच्या जिनिव्हाचं नाव इथल्यासारखंच, गंमत आहे). इथे लावो नावाचा द्राक्षांचा डोंगर आहे, लोझानपासून शियों किल्ल्याच्या दिशेने साधारण ३० किलोमीटर पायऱ्यापायऱ्यांची शेतं. मध्ययुगात मठातल्या साधूंनी या दगडी भिंती रचायला सुरुवात केली. २००७ पासून जागतिक वारसा. द्राक्ष एकच, शासला. तिला स्वतःची चव इतकी हलकी की जागेचा फरक लगेच उमटतो. एका गावची वाईन बारीक, शेजारच्या गावची जाड. मधलं अंतर चालत वीस मिनिटं. तळं तेच, ऊन तेच. मग माती नाही तर काय?

इथले लोक म्हणतात लावोला तीन सूर्य आहेत. एक आकाशातला, एक तळ्यावरून परतणारा, एक दिवसभर तापून रात्री ऊब सोडणाऱ्या भिंतींतला. संध्याकाळी सातला त्या भिंतीला हात लावा, तव्यासारखी लागते. मी मुलीला शाळेतून आणताना रोज लावते.

खडकवाचक
६ ऑक्टोबर, दुपारी ४:००

ताई, तीन सूर्य आवडले. आणि आपण भांडत नाही आहोत. मातीमुळे फरक पडतो यावर माझी काही हरकतच नाही. ती चव देते की पाणी देते, एवढाच वाद. तुमच्या दोन गावांत मातीची खोली आणि उताराचं तोंड किती बदलतं ते एकदा पाहा.

कात्री
६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५

काकांच्या बाजूने एक पुरावा. २०१६ च्या उन्हाळ्यात इथे मोठा दुष्काळ पडला. तेव्हा पातळ शेलवरच्या बागांची पानं पिवळी पडली, कोवळे वेल वाळले. खोल मातीतल्या बागा मजेत होत्या. ओल्या वर्षी बरोबर उलटं, खोल मातीतल्या बागेत मुळं पाण्यात उभी आणि घड सडायला लागलेले. माती चांगली की वाईट हे त्या वर्षाचा पाऊस ठरवतो. इथल्या बऱ्याच जमिनींत हातभर खाली घट्ट थर लागतो, पाणी तिथेच अडतं. म्हणून वेल लावायच्या आधी जमिनीत छिद्रांचे पाइप पुरून पाणी बाहेर काढतात. खर्च डोळे पांढरे करणारा.

गोदाकाठ
६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

आम्ही पाइप पुरतो ते पाणी आत आणायला. काय एकेकाच्या जमिनीचं नशीब!

मीरा_रॉचेस्टर
७ ऑक्टोबर, सकाळी ९:००

वीस वर्षं या भागात काढली, म्हणून इतिहासाचं थोडं सांगते. त्याशिवाय हा धागा अपुरा वाटेल.

इथे द्राक्षं १८२९ पासून आहेत. क्यूका तळ्याच्या टोकाला हॅमंड्सपोर्ट गावी एका पाद्र्याने चर्चच्या बागेत लावली. १८६० मध्ये मोठी वायनरीही निघाली. पण ती सगळी अमेरिकन जातीची द्राक्षं, काँकर्ड, कटॉबा वगैरे. युरोपीय वेल इथे जगत नाही, हे सगळ्यांनी मानूनच घेतलेलं.

मग १९५१ मध्ये डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक इथे आले. ओडेसाचे, द्राक्षशास्त्रात डॉक्टरेट, वय पन्नाशीच्या पुढे, इंग्रजी जेमतेम. जिनिव्हाच्या केंद्रात त्यांना हलकंसलकं काम मिळालं. ते सांगत राहिले की युक्रेनमध्ये याहून कडक थंडीत आम्ही ही द्राक्षं पिकवली आहेत, अडचण थंडीची नाही, खुंटाची (ज्या मुळांवर वेलाचं कलम बांधतात त्याची) आहे. कोणी ऐकेना. ऐकलं ते शार्ल फूर्निए यांनी. हे शँपेन प्रांतातून आलेले, गोल्ड सील वायनरी सांभाळणारे. दोघांनी थंडीत तगणारे खुंट शोधत क्वेबेकमधल्या एका मठाची बाग गाठली. १९६२ मध्ये डॉ. फ्रँकनी क्यूकाच्या पश्चिम चढावर स्वतःची वायनरी काढली. त्यांच्या पाठोपाठ १९७० च्या दशकात जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातले हर्मन वीमर सेनेकाकाठी आले. १९७६ च्या कायद्याने लहान शेतकऱ्यांना वाईन थेट विकता यायला लागली आणि मग बागा वाढल्या.

ज्या केंद्रात कात्री आज डोळे कापते आहे, तिथेच त्या माणसाला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. मला हे वाचून दरवेळी भरून येतं. परक्या देशात, पन्नाशीत, तुटक्या भाषेत माणूस बरोबर असतो आणि तरी त्याला सिद्ध करत बसावं लागतं.

ओलांडा
७ ऑक्टोबर, सकाळी ९:४५

मीराताई, खुंटावरून आठवलं. आपल्याकडे नाशिकला वापरतात तो डॉगरीज खुंट मूळचा टेक्सासचा. खारं पाणी आणि कोरडं सोसतो म्हणून. म्हणजे आमची घरची बागही अमेरिकन मुळांवरच उभी आहे.

रानपाखरू
७ ऑक्टोबर, दुपारी ११:३०

मीराताईंच्या आधीचं थोडं. सेनेका आणि केयुगा ही तळ्यांची नावं म्हणजे तिथल्या मूळ लोकांची नावं, हौदेनोशौनी संघातली राष्ट्रं. १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सुलिव्हनच्या फौजेने त्यांची गावं जाळली. शिपायांच्या रोजनिशांत मक्याची शेतं आणि फळबागा तोडल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यांत सफरचंदांबरोबर पीचसुद्धा आहेत.

पीच थंडीला नाजूक. म्हणजे तळ्याचा काठ उबदार असतो हे तिथल्या लोकांना दोन-अडीचशे वर्षांपूर्वी पक्कं माहीत होतं. जागेची पारख त्यांची, हे विसरू नये.

ओलांडा
७ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

रानपाखरू, हे मला माहीत नव्हतं. मी रोज त्याच रस्त्याने जातो. आभार.

सुगरण_शुभदा
७ ऑक्टोबर, दुपारी ४:२०

मी वाईन घेत नाही, पण मलाही बोलायचंय! मुलाकडे गेले होते तेव्हा कॅनन्डेग्वा तळ्याच्या दक्षिणेला नेपल्स गावी द्राक्षाचा 'पाय' (pie, गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) खाल्ला. काँकर्ड द्राक्षाची सालं वेगळी, गर वेगळा, गर शिजवून बिया गाळायच्या, मग सालं परत आत. जांभळा कुट्ट रंग आणि वास अगदी आपल्या काळ्या बंगलोरी द्राक्षासारखा! लहानपणी आजोबा टोपलीभर आणायचे. हा वास सारखा कसा?

कात्री
७ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:०५

शुभदाताई, नाक पक्कं आहे तुमचं. बंगलोर ब्ल्यू आणि काँकर्ड दोघांच्या रक्तात लाब्रुस्का ही अमेरिकन जात आहे. तो वास मिथाइल अँथ्रानिलेटचा. काँकर्ड रिझलिंगपेक्षा कितीतरी जास्त थंडी सोसतं, म्हणून ते जरा वाईट जागीही चालतं. चांगली जागा रिझलिंग अडवतं.

जळगावकर
७ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४०

सेनेकाच्या आग्नेय काठाला तिथले लोक 'बनाना बेल्ट' म्हणतात असं वाचलं. बर्फात केळीचा पट्टा! एकदा रावेरला या, मग ठरवू बेल्ट कोणाचा.

कात्री
७ ऑक्टोबर, रात्री ८:१५

हाहा, केळीचा मान जळगावचाच. पण नाव उगाच पडलेलं नाही. हेक्टर गावाजवळचा तो काठ, समोर तळ्याचं सर्वांत खोल पाणी आणि चढाचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारचं ऊन उशिरापर्यंत. काबर्ने फ्रांक, मर्लोसारखी लाल द्राक्षं तिथे बरी पिकतात.

पुणेरी_पेला
८ ऑक्टोबर, सकाळी १०:००

मग नाशिकला गंगापूर धरणाच्या काठच्या वायनरींनाही हाच फायदा मिळत असेल ना? तिथेही पाणी, उतार, बागा, सगळं आहे.

गोदाकाठ
८ ऑक्टोबर, दुपारी १:१५

संध्याकाळी वारा गार लागतो हे खरं, आणि सूर्यास्त तर विचारू नका. पण धरणाचं पाणी उथळ, उन्हाळ्यात काठ मागे सरकतो. आणि आमच्याकडे हिवाळ्यात वेल मरायचा प्रश्नच नाही. आमचं दुखणं उलटं. वेल झोपतच नाही! म्हणून आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोड छाटणी. तुमच्याकडे थंडी वेलाला झोपवते, आमच्याकडे कात्री.

वाईनची द्राक्षं आमच्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. फेब्रुवारी संपता संपता ऊन वाढतं, गोडी भराभर चढते आणि आंबटपणा पळून जातो. पहाटे बॅटरी लावून तोडणी करावी लागते.

कात्री
८ ऑक्टोबर, दुपारी २:५०

गोदाकाठ दादा, ओलांडांच्या मूळ प्रश्नाची निम्मी चावी तुमच्या शेवटच्या परिच्छेदात आहे!

द्राक्षात दोन मुख्य आम्लं, टार्टरिक आणि मॅलिक. मॅलिक म्हणजे कच्च्या सफरचंदाचं आम्ल. उबदार दिवस-रात्री वेल ते जाळून टाकतो. गार रात्री ते टिकतं. नाशिकला ते लवकर जळतं, म्हणून वाईन करणाऱ्यांना बरेचदा वरून टार्टरिक घालावं लागतं. इथे ऑक्टोबरच्या रात्री पाच-सात अंशांच्या, म्हणून आम्ल ठासून भरलेलं. इतकं, की पुष्कळ रिझलिंगमध्ये थोडी साखर मुद्दाम राखतात, तोल साधायला. काही बाटल्यांच्या मागे कोरडं ते गोड अशी पट्टी छापलेली असते, ती याचसाठी.

चढावरच्या बागेत हवा थोडी आणखी गार, घड उशिरा पिकतो, मॅलिक जास्त उरतं. हिरवं सफरचंद ते. खाली तळ्याजवळ ऊब जास्त दिवस, घड जास्त वेळ वेलावर राहतो, म्हणून पीच आणि जर्दाळू.

तर्ककर्कश
८ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

म्हणजे माती बाद?

खडकवाचक
८ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

अजिबात नाही! पातळ शेलमुळे वेल आवरता, म्हणून मणी लहान आणि चव घट्ट. वरच्या ग्लासाची धार हवेची आणि घट्टपणा मातीचा, असं मी म्हणेन. लेमानकाठी ताई, जमेल का?

लेमानकाठी
८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:१०

जमेल. तरी शेल चाटून बघायला मी तिथे येणार आहे.

गोदाकाठ
९ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

एक काळजीचं विचारतो. आमच्याकडे अवकाळीने कंबरडं मोडलंय. फुलोऱ्यात पाऊस आला की डाउनी (बुरशीचा रोग), घड कुजतो, औषधांचा खर्च दुप्पट. तिकडे हवामान बदलाने बरंच होत असेल ना? ऊब वाढली म्हणजे द्राक्षाला चांगलंच.

कात्री
९ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

दादा, वाटतं तसं नाही. १८ मे २०२३ ची पहाट सांगते. त्या वर्षी एप्रिलमध्येच अवेळी ऊन पडलं, डोळे लवकर फुटले, बोटभर फुटी आल्या. मग एका रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला, पारा शून्याखाली. सकाळी आठला मी एका वरच्या बागेत उभी होते. कोवळी पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट, ओली, लोंबत होती. हाताला लागताच गळून पडत होती. खाली तळ्याजवळच्या ओळी हिरव्या. एकाच बागेत, उतारावर आखलेली रेघ दिसत होती. बागेचा मालक सत्तरीचा, काही न बोलता त्या रेघेवरून चालत गेला.

हिवाळा सौम्य झाला तरी वेल लवकर जागा होतो, आणि जागा झालेल्या वेलाच्या फुटी शून्याच्या जरा खालीही मरतात. झोपलेला वेल उणे वीस सोसतो.

गोदाकाठ
९ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

समजलं ताई. गारपिटीनंतर मीही असाच ओळीतून चाललोय.

मीरा_रॉचेस्टर
९ ऑक्टोबर, दुपारी १२:००

गोदाकाठ, कात्री, दोघांनाही नमस्कार. वाचनखूण साठवली.

ओलांडा
१५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

मंडळी, उशीर झाला, पण कारण चांगलं आहे. कात्रीच्या ओळखीने त्या वायनरीत दोन दिवस तोडणीला गेलो. त्याच दोन बागा.

शनिवारी खालची. सकाळी तळ्यावर धुकं, कोट काढावासा वाटेना, पण दहापर्यंत अंग तापलं. मणी सोनेरी, काहींवर तपकिरी ठिपके. चावला तर साल सहज सुटते, बी तपकिरी, दाताखाली दाण्यासारखी कुडकुडते. मातीत बूट रुतत होते.

रविवारी वरची. पायाखाली शेलच्या चिपा, चालताना कौलं तुडवल्यासारखा आवाज. त्याच जातीचा मणी, पण लहान, हिरवट, साल दाताला चिवट. बी अजून टोकाला हिरवी. आंबटपणाने डोळे मिटले. मालक म्हणाला, अजून आठवडाभर थांबायला हवं होतं, पण पाऊस येतोय. मला वाटतं, माझ्या पहिल्या ग्लासात हाच आठवडा कमी आहे. थंडीने, उताराने आणि त्या पातळ जमिनीने मिळून घेतलेला.

आणि एक. दादा दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या सुरुवातीला इथे आले होते. एका बागेत वेलाच्या बुडाशी माती चढवलेली आणि कलमाचा जोड पूर्ण गाडलेला पाहून त्यांना राहवेना. आपल्याकडे जोड मातीत गेला की वरच्या वेलालाच मुळं फुटतात, खुंटाचा उपयोग संपतो. ते वाकून हाताने माती उकरायला लागले. मालक धावत आला. मी मध्ये पडून समजावलं की थंडीत जोड मरू नये म्हणून हे दर शरदात गाडतात आणि वसंतात उघडतात. खालून दोन खोडं ठेवतात, एक मेलं तर दुसरं असावं म्हणून. दादा बराच वेळ उकिडवे बसून त्या जोडाकडे बघत राहिले. मग उकरलेली माती परत ओढून हाताने थापटली. आज फोनवर वरच्या बागेचं सगळं सांगितलं तर म्हणाले, "त्या आंबट बागेची माती नीट चढवा म्हणावं."

कात्री
१५ ऑक्टोबर, रात्री १०:५०

दादांचा निरोप पोचवते! नोव्हेंबरमध्ये त्याच वरच्या बागेत माती चढवायची आहे आणि माणसं कमी आहेत. येता का?

ओलांडा
१५ ऑक्टोबर, रात्री १०:५२

येतो. फावडं आणू?

कात्री
१५ ऑक्टोबर, रात्री १०:५५

फावडं नको, ट्रॅक्टरला नांगर आहे. नांगर पोचत नाही तिथे हाताने थापटावं लागतं. हातमोजे आणा, आणि दादांना व्हिडिओ कॉल लावायला फोन चार्ज करून आणा.

गोदाकाठ
१६ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

मलापण त्या कॉलमध्ये घ्या. आमची गोड छाटणी तोवर आटोपलेली असेल.